फावड्याला हात लावायचा नाही

आमच्या गावात स्वतःच्या वावराला स्वतःच्या हातानं पाणी भरणं हा गुन्हा होता. बांध तुमचा, ऊस तुमचा, सातबारा तुमचा. पण पाटातलं पाणी वाफ्यात वळवायचं ते पाटकऱ्यानं. तुम्ही बांधावर उभं राहावं, बिडी ओढावी, फार तर पाटकऱ्याला चहा विचारावा. फावड्याला हात लावायचा नाही.

नाशिकला राहायला आल्यावर हे मी कुणाला सांगितलं की माणसं हसायची. हा कसला नियम? मग मला पांझरेपासून सुरुवात करावी लागायची.

पांझरा सह्याद्रीच्या उगवतीकडच्या उतारावरून पिंपळनेरच्या अंगानं साक्री तालुक्यात उतरते, धुळे शहर ओलांडते आणि मुडावदला तापीला मिळते. मोठी नदी नव्हे. पावसाळ्यात घोंगावते, आणि पूर्वी होळीपर्यंत तिच्यात धार असायची. या नदीवर, आणि तिकडे बागलाणात मोसम नि आरमवर, तीन-चारशे वर्षांपूर्वीच्या लोकांनी खडकाचा भक्कम पाया बघून दगड-चुन्याचे बुटके बंधारे घातले. एकाखाली एक, अशी रांगच. वरच्या बंधाऱ्यानं वळवलेलं पाणी कालव्यातून शेतात जातं, जमिनीत मुरतं आणि झिरपत झिरपत पुन्हा नदीतच उतरतं. खालच्या बंधाऱ्याला ते नवं पाणी. असं एकच पाणी किती गावांना पुरलं असेल याचा हिशेब कुणी मांडला नाही, कारण मांडायची गरज पडली नाही.

बंधाऱ्याखालच्या साऱ्या भिजत्या जमिनीचे मोठे तुकडे पाडलेले असत, त्यांना फड म्हणायचं. साधारण चार. एका फडात ऊस, एकात गहू-हरभरा, एकात बाजरी किंवा भुईमूग, आणि एक पावसावर सोडलेला किंवा पडीक. पुढच्या वर्षी फेर बदलायचा. फडात शंभर जणांची जमीन असली तरी पीक एकच. गव्हाच्या फडात कुणाला हौस आली म्हणून कांदा लावता येत नसे. पाणी कधी सोडायचं, किती पाळ्या द्यायच्या, कोणता फड कशासाठी, हे पंच ठरवत. पंच म्हणजे गावातलीच माणसं, आणि ती ठरवत तेव्हा बाकीचे गप्प बसलेले असत असंही नाही. आमच्याकडच्या बैठका दोन आळ्या सोडूनही ऐकू येत.

आमची सहा एकर जमीन होती आणि ती एका जागी नव्हती. दीड एकर या फडात, दोन त्या फडात, उरलेली आणखी दोन ठिकाणी. लांबट, अरुंद पट्ट्या. लहानपणी मला वाटायचं, पणजोबांच्या वाटण्यांत भांडणं झाली असतील म्हणून ही चिरफाड. वडील एका फडातून दुसऱ्या फडात बैल नेताना वैतागायचे. सरकारलाही असली जमीन दोषच वाटते. तुकडेबंदी आणि एकत्रीकरणाचा कायदा १९४७ सालचा आहे. शहाण्या माणसाची जमीन एका चकात असावी, असं आपण सगळेच मानतो.

त्या चिंध्यांचा अर्थ मला कळला तो १९७२ च्या दुष्काळात. पाणी सगळ्या फडांना पुरणार नाही हे दिवाळीआधीच दिसत होतं. पंचांनी बसून एकाच फडाला पाणी द्यायचं ठरवलं. बाकीचे कोरडे. आणि गावात कुणाची डोकी फुटली नाहीत. का, तर भिजणाऱ्या फडात जवळजवळ प्रत्येकाची एक पट्टी होती आणि वाळणाऱ्या फडांतही प्रत्येकाच्या पट्ट्या होत्या. तोटा सगळ्यांचा झाला, सारख्या प्रमाणात झाला. कालव्याच्या तोंडाशी जमीन असलेला गब्बर आणि शेवटी असलेला कोरडा, ही जी आज प्रत्येक कालव्यावरची कहाणी आहे, ती आमच्याकडे घडायला जागाच नव्हती. ज्याची एक पट्टी तोंडाशी होती, त्याचीच दुसरी कुठंतरी शेपटाला होती. आता शेपटाला पाणी पोचू द्यायचं नाही म्हटलं तर आपल्याच पायावर धोंडा.

कुण्या शेतकऱ्यानं, कुण्या पाटलानं हे योजलं, की पिढ्यान्‌पिढ्या आपोआप घडत गेलं, देव जाणे. पण जमिनीच्या वाटणीतच पाण्याचा न्याय घालून ठेवणारं डोकं मला आजही चकित करतं.

तरी चोरी व्हायचीच. आमच्या घरानंच केली.

मी दहा-अकरा वर्षांचा असेन. गहू चिकात आला होता आणि आमच्या पट्टीची पाळी दोन दिवसांनी होती. वारं सुटलं होतं, पिकाला ताण बसत होता. काकांचा धीर सुटला. रात्री जेवण झाल्यावर त्यांनी मला बॅटरी धरायला सोबत घेतलं. पाटाच्या कडेला एक ठिकाण त्यांनी दिवसा हेरून ठेवलं होतं. फावड्याचे तीन-चार घाव, आणि पाणी आमच्या दंडात उतरलं. तापलेल्या तव्यावर पाण्याचा हात मारावा तसा आवाज आधी येतो, मग भेगांमधून बुडबुडे वर येतात, आणि मग एकदम सगळं शांत होतं. माती प्यायला लागते. मला ते इतकं आवडलं की चोरी वगैरे मी विसरूनच गेलो.

पाटकरी कधी येऊन उभा राहिला कळलं नाही. त्याच्या कंदिलाची काच एका बाजूनं काजळलेली होती, त्यामुळे उजेड त्याच्या पायांवरच पडत होता. ते पाय मला अजून दिसतात. बारा महिने पाण्यात राहून बोटांच्या बेचक्यांत चिखल्या झालेल्या, कातडी पांढरी, भिजवलेल्या हरभऱ्यासारखी सुरकुतलेली. हा माणूस पाटात पाय घालून सांगायचा की पहाटेपर्यंत किती वाफे होतील, आणि चुकायचा नाही. पाण्याची धार पोटरीला कुठं लागते यावर त्याचं गणित. पंपाचा फ्लो मीटर मी नंतर पाहिला. त्याचे आकडे वाचताना मला नेहमी ती पोटरी आठवते.

त्यानं काकांना काही विचारलं नाही. खाली वाकून गवताची पेंडी नि ओला चिखल दाबून त्यानं भगदाड बुजवलं, पायानं चेपलं, आणि तिथंच बांधावर बसला. मग एवढंच म्हणाला, “पोऱ्याले घर धाडा, भाऊ. थंडी शे.”

पुढच्या बैठकीत काकांना पाच रुपये दंड झाला. शेतातल्या लहान पाटाला आपण दंड म्हणतो आणि शिक्षेलाही दंडच म्हणतो, यामागे भाषेचा काही संबंध असेल-नसेल, पण आमच्या घरात त्या वर्षापासून या शब्दावर कुणी विनोद करत नसे. पाच रुपये तेव्हा मोठे होते. त्याहून मोठं होतं ते काकांचं नाव बैठकीत मोठ्यानं घेतलं जाणं. काकांनी हुज्जत घातली नाही. पैसे ठेवले आणि पुढच्या विषयाला बसून राहिले. पुढचा विषय होता पाटकऱ्याला त्या साली धान्य किती द्यायचं.

हा नियम कशासाठी होता, हे मला फार नंतर उमगलं. फावडं ज्याच्या हातात, त्याची नजर आपल्याच वाफ्यावर. कितीही सज्जन असला तरी तो वाफा जरा काठोकाठच भरणार, दंड बंद करायला जरा उशीरच करणार. शंभर सज्जन माणसांनी एकेक घटका उशीर केला की शेवटच्या पट्टीला पाणी नाही. म्हणून फावडं अशाच्या हाती द्यायचं, ज्याला सगळे वाफे सारखे. आणि सगळे वाफे कुणाला सारखे असतात? ज्याचा एकही नसतो त्याला.

इथं माझी आठवण जरा खुपायला लागते. पाटकऱ्याला जमीन नव्हती. पिकाची राखण करणाऱ्या जागल्यालाही नव्हती. आखाजीला सालदारांची सालं बदलत, तेव्हाच यांचंही साल ठरे, मोबदला धान्यात. उभ्या गावाचं पाणी ज्याच्या पायानं मोजलं जाई, त्याच्या वाट्याला पाण्याचा थेंब नव्हता, कारण पाणी जमिनीमागून चालायचं. बैठकीत बाईमाणूस नसायचं, हे तर वेगळं सांगायला नकोच. माझी आजी खुरपणीला, कापणीला चारही फड तुडवायची, पण पाण्याच्या निर्णयात तिचा संबंध एवढाच की बैठक लांबली तर चहा पुन्हा टाकायचा. फड पद्धतीचं कौतुक करताना या गोष्टी गाळल्या तर ते कौतुक खोटं ठरतं. दुष्काळानंतर पुरंदर तालुक्यात नायगावला विलासराव साळुंखे यांनी पाणी पंचायत उभी केली. तिथं पाणी एकरावर न देता घरातल्या माणसांच्या डोक्यावर द्यायचं, माणशी अर्धा एकर भिजेल इतकंच, आणि भूमिहीनालाही त्यात हक्क, असं ठरलं. ऊस लावायचा नाही, हेही. ते वाचलं तेव्हा मला सगळ्यांत आधी आमच्या पाटकऱ्याचे पाय आठवले.

गाळ काढायच्या दिवसाबद्दल मात्र माझं मन अजून कोवळं आहे. पावसाळा सरला की रब्बीच्या आधी कालवा साफ करायचा. ज्याची जितकी जमीन, तितका कालव्याचा तुकडा त्याच्या वाट्याला. आमचा तुकडा एका बाभळीपासून रस्त्याच्या मोरीपर्यंत. सकाळी थंडी असायची, पाटातला गाळ गुडघाभर आणि गार. बेशरमीची झुडपं मुळासकट उपटावी लागत, नाहीतर पोळ्यापर्यंत पुन्हा डोक्याएवढी. लव्हाळ्याची जाळी तर फावड्यालाही दाद देत नसे. घमेली हातोहात वर जायची. दुपारी बाभळीखाली कळण्याची भाकरी, ठेचा, कांदा. ज्याच्याशी बांधावरून वर्षभर अबोला आहे, त्याच्या शेजारच्या तुकड्यात दिवसभर वाकून उभं राहायचं. संध्याकाळपर्यंत निदान तंबाखूची चंची तरी इकडून तिकडे जायची. कोर्टकज्जे त्यानं मिटत नसत. तंबाखूपुरतं बोलणं सुरू व्हायचं, इतकंच.

आमची ही पद्धत बाहेरही गेली, असं गाव मानतं. इंजिनिअर विश्वेश्वरय्या १८८४ मध्ये मुंबई इलाख्याच्या बांधकाम खात्यात लागले आणि नोकरीच्या सुरुवातीलाच आमच्याच तालुक्यात दातर्तीजवळ आले. पांझरेच्या एका कालव्याचं पाणी ओढ्याखालून नळ घालून पलीकडे न्यायचं, हे त्यांचं काम. भर पावसाळ्यात ते त्यांनी केलं. पुढं नीरा कालव्यावर त्यांनी ब्लॉक पद्धत आणली: जमिनीचे गट पाडायचे, पिकांचा फेर ठरवायचा, पाणी जपून पसरायचं. आमच्या गावातली जुनी माणसं छातीठोकपणे सांगत की हे साहेबानं आमच्याकडूनच नेलं. कागद कुणाकडे नाही. पण फडावरच्या बांधावर उभं राहून तो तरुण इंजिनिअर काही न बघता परत गेला असेल, यावर माझाही विश्वास बसत नाही.

मग वीज आली. वडिलांनी विहीर खोदली आणि पाच अश्वशक्तीची मोटार बसवली. तो दिवस आमच्या घरात लग्नासारखा साजरा झाला, नारळ फुटले, पेढे वाटले. वडिलांना दोष देणं मला जमत नाही. आयुष्यभर पंचांना विचारून पेरणारा माणूस पहिल्यांदा स्वतःच्या मर्जीनं कांदा लावत होता. रात्री-अपरात्री पाळीची वाट बघायची नाही, कुणाच्या पायाला किती धार लागते याची चिंता नाही. बटण दाबलं की पाणी. सातबाऱ्यावरच्या जुन्या नोंदींत आमची जमीन पाटस्थळ होती. विहिरीवरच्या जमिनीला त्याच भाषेत मोटस्थळ म्हणत. वडिलांच्या हयातीत ती एकातून दुसऱ्यात गेली. ती गेली तसे वडीलही बैठकीतून गेले. आधी उशिरा जायला लागले, मग मला पाठवू लागले, मग कुणीच गेलं नाही. गाळ काढायच्या दिवशी ते मजूर लावत. काही वर्षांनी मजूरही लावेनासे झाले. घराघरांत हेच झालं. शंभर विहिरी म्हणजे शंभर पंच कमिट्या, प्रत्येकीत एकच सभासद.

नदीचंही बदललं. वर पांझरेवर लाटीपाडा, कान नदीवर मालनगाव अशी धरणं झाली, पुढं खाली अक्कलपाडा. बंधाऱ्यात आता नदीची धार येण्याऐवजी धरणाचं आवर्तन येऊ लागलं. ज्या पाण्याची तारीख दुसरीकडेच ठरते, त्यावर गावच्या पंचांनी बसून काय ठरवायचं? आणि नदीतली वाळू उपसली गेली, ती तर गावातल्याच ट्रॅक्टरांनी. यात वरच्यांना बोल लावायची सोय नाही.

विहिरीचं पाणी हे आपलं, ही समजूत माझ्याही डोक्यात इतकी घट्ट होती की ती सुटायला मला दिंडोरी-ओझरकडे जावं लागलं. वाघाड धरणाच्या कालव्यावर शेपटाला ओझर. वर्षानुवर्षं तिथं पाणी पोचत नव्हतं. समाज परिवर्तन केंद्राचे बापू उपाध्ये आणि भरत कावळे यांनी शेपटाच्याच शेतकऱ्यांना जमवून १९९१ च्या सुमारास तीन पाणीवापर संस्था उभ्या केल्या. पाणी एकरावर न घेता मोजून घ्यायचं, घनमापनानं, आणि आत कसं वाटायचं ते आपण ठरवायचं. पुढं संस्था वाढत जाऊन चोवीस झाल्या आणि २००३ मध्ये साऱ्या प्रकल्पाची मिळून एक संस्था झाली. हे सगळं कौतुकाचं आहेच. पण मी थबकलो ते दुसऱ्या एका गोष्टीपाशी. कालव्याचं पाणी ते नाल्यांवरच्या बंधाऱ्यांत सोडत, म्हणजे आसपासच्या विहिरी भरत. आणि विहिरीवाल्याकडूनही पाणीपट्टी घेत. तुझी विहीर, मोटार तुझी, वीजबिल तुझं, सगळं मान्य. पण पाणी कालव्याचं झिरपलेलं आहे, म्हणजे सगळ्यांचं.

मला तिथल्या द्राक्षबागेच्या बांधावर उभं असताना वडिलांची मोटार आठवली. आमच्या विहिरीत तरी कुठलं पाणी होतं? तीनशे वर्षं पाटानं भिजवलेल्या जमिनीच्या पोटातलंच ना. गाळ काढायला आम्ही जाणं सोडलं, त्यानंतर काही वर्षांनी विहिरीचा तळ दिसायला लागला, तेव्हा वडिलांनी आडवी बोअरं मारली. पाटाकडे कुणी बघितलं नाही.

२००५ साली कायदा झाला: महाराष्ट्र सिंचन पद्धतीचे शेतकऱ्यांकडून व्यवस्थापन अधिनियम. नाव एका दमात म्हणून दाखवणाऱ्याला मी चहा पाजीन. कायदा वाईट नाही. पाणी मोजून द्यायचं, संस्थेच्या संचालकांत कालव्याच्या तोंडाची, मधली आणि शेपटाची माणसं सारखी असली पाहिजेत, हे त्यात लिहिलेलं आहे. आमच्या लोकांनी जे जमिनीच्या चिंध्यांत शिवून ठेवलं होतं, ते इथं कलमांत लिहिलं, इतकंच. अडचण पुढंच. कित्येक ठिकाणी संस्था कागदावर आहे, शिक्का आहे, बोर्डही आहे, आणि कालव्यावर रात्री डोंगळे टाकून पाणी खेचणं चालूच आहे. सहभाग हा शब्द सरकारी पत्रकात फार वेळा येतो. आमच्या बैठकीत तो कधी कुणी उच्चारला नव्हता. तिथं विचारत, “तुमच्याकडून गाळाला कोण येणार?”

एका आवर्तनाच्या वेळी मी गावी होतो. हल्ली पाटकरी नाही. ज्याची पाळी तो स्वतः भरतो. माझा पुतण्या रात्री मोबाईलच्या उजेडात पाणी वळवत होता आणि शेजारच्यानं आधीच वाफा फुटेस्तोवर भरला म्हणून चिडला होता. “काका, टेलला आम्ही मेलो तरी चालेल यांना.” आमच्या घरातल्या कुणी टेल हा शब्द स्वतःसाठी वापरलेला मी पहिल्यांदा ऐकला. वाटण्या झाल्या, काही पट्ट्या विकल्या गेल्या, आणि आता त्याच्याकडे शेपटाची एकच पट्टी उरली आहे. मी त्याला माझ्या काकांची चोरी सांगितली. तो हसला नाही. पाच रुपये दंड म्हणजे आजचे किती, असं विचारून हिशेब करत बसला.

दोन वर्षांपूर्वी त्यानं आणि त्याच्या वयाच्या काही पोरांनी पुन्हा गाळ काढायला सुरुवात केली. संस्था वगैरे नाही, व्हॉट्सॲपवर एक गट आहे. त्यात काल निरोप आला: रविवारी सकाळी सात, बंधाऱ्यापासून, फावडं आपापलं आणावं. मी शनिवारीच गावी आलो. संध्याकाळी एकटाच पाटावर जाऊन आमचा तुकडा पायानं मोजला. बाभूळ आता नाही, बुंधा आहे. तिथून मोरीपर्यंत त्रेचाळीस पावलं. गेल्या वर्षी त्यातली वीस झाली होती.